गुरुजींनी घेतलेलं कापड

“पाय दाखवायला सांगा,” गुरुजी म्हणाले.

मी डॉक्टरांना तसं फ्रेंचमध्ये सांगितलं. तरुण डॉक्टर होता. त्याला वाटलं, माझा शब्द चुकला. त्यानं पुन्हा विचारलं, “पाय?” मी मान हलवली. दोन दिवस समुद्रात राहिलेल्या माणसाचा चेहरा ओळखण्यासारखा नसतो, हे त्यानंच आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवून समजावलं होतं. त्यानं चादर खालच्या बाजूनं दुमडली.

वासुदेव तांडेल गुरुजी वाकले. डाव्या तळपायावर, अंगठ्याच्या खाली, एक जुना लांबट व्रण होता. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं.

“कालवं काढायला गेला होता. नऊ वर्षांचा असेल. शिंपल्यानं पाय फाटला, तेव्हा मीच खांद्यावर घालून मालवणला नेलं होतं.” मग ते सरळ उभे राहिले. “हाच सूर्यकांत. लिहून घ्या म्हणावं.”

ही अठ्ठ्याण्णव सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, भर प्रशांत महासागरात, न्यू कॅलेडोनिया नावाचं लांबट बेट आहे. राज्य फ्रान्सचं. मूळचे लोक कनाक, काळ्या वर्णाचे, दाट कुरळ्या केसांचे. नूमेआ हे तिथलं एकुलतं एक मोठं शहर. मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते. पुण्यात एका कॉलेजात फ्रेंच शिकवायची आणि फावल्या वेळात कागदपत्रांची भाषांतरं करायची. मालवणजवळच्या देवबागच्या एका निवृत्त शिक्षकाकडे नूमेआच्या पोलिसांचं पत्र आलं होतं. ते वाचून दाखवायला कुणी सापडेना, म्हणून फिरत फिरत ते माझ्यापर्यंत पोचलं. पत्र चार ओळींचं होतं. सूर्यकांत तांडेल, वय छत्तीस, मासेमारीला गेला असता होडी उलटून मृत्यू. नातेवाइकांनी ओळख पटवून पुढची व्यवस्था करावी.

सूर्यकांत खनिज वाहून नेणाऱ्या जहाजावर इंजिनाचं काम करायचा. नऊ वर्षांपूर्वी जहाज नूमेआच्या बंदराला लागलं, तो उतरला आणि परत चढलाच नाही. घरी वर्षातून एक फोन करायचा. चांगलं चाललंय म्हणायचा. आणखी काही विचारलं की लाइन खराब आहे म्हणायचा.

“तुम्ही बरोबर याल का?” गुरुजींनी पुण्यात माझ्या खोलीत बसून विचारलं होतं. मस्कतला असलेल्या पुतण्यानं प्रवासाचं सगळं बघितलं होतं, फक्त भाषेचं माणूस हवं होतं. “तिथं मी मुका आहे. आणि हिनं सांगितलंय, जसा असेल तसा घेऊन या.”

‘ही’ म्हणजे त्यांची पत्नी, सत्यभामाबाई. गावात सगळे त्यांना भामाकाकी म्हणत.

शवागाराच्या बाहेर आलो तर भिंतीला टेकून एक बाई उभी होती. तिशीची असेल. अंगात तिथल्या बायका घालतात तसा पायघोळ, सैल, मोठ्या फुलांचा झगा. मिशनऱ्यांनी शंभर-दीडशे वर्षांपूर्वी घालायला लावला, आता तोच त्यांचा सणावाराचा पोशाख झालाय. ती पुढे आली. तिनं गुरुजींकडे पाहिलं आणि मला विचारलं, “हे सूर्याचे वडील ना? कपाळ तसंच आहे.”

“आपण कोण?”

“लेओंतीन. सात वर्षं आम्ही एकत्र राहतोय.” मग थांबून म्हणाली, “राहत होतो.”

मी गुरुजींना सांगितलं. ते काही वेळ तिच्याकडे बघत राहिले. रागावून नाही. तयारी न केलेल्या पाठावर मुलानं अचानक प्रश्न विचारावा, तसे.

“लग्न केलं होतं का विचारा.”

मी विचारलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. करणार होते. पुढच्या वर्षी, रताळ्यासारखा जो मोठा कंद त्यांच्याकडे पिकतो, त्याच्या काढणीनंतर. चर्चमध्येही आणि त्यांच्या रिवाजानंही.

“तिला म्हणावं, वाईट वाटलं,” गुरुजी म्हणाले आणि चालू लागले.

कागद तयार व्हायला दोन दिवस लागणार होते. आम्ही बंदराजवळच्या एका साध्या लॉजमध्ये उतरलो होतो. गुरुजींना खोलीत बसवत नव्हतं. सकाळी ते मला बरोबर घेऊन शहरभर चालायचे. चौकाचौकांत गुलमोहर लालभडक फुलले होते. पाववाल्याच्या दुकानापुढे झगेवाल्या कनाक बायका आणि पांढऱ्या टोप्या घातलेले फ्रेंच म्हातारे एकाच रांगेत उभे राहून हातभर लांबीचे पाव काखेत मारून न्यायचे. एका बाजूला निकेलच्या कारखान्याचा धूर, दुसऱ्या बाजूला तळ दिसावा इतकं स्वच्छ निळं पाणी. एका मैदानावर दहा-पंधरा बायका झगे घालून अनवाणी क्रिकेट खेळत होत्या. गुरुजी कुंपणाला धरून उभे राहिले.

“आमच्या शाळेत मीच मुलांना क्रिकेट शिकवायचो,” ते म्हणाले. “हा डावरा. चेंडू नेहमी खाडीत.”

बाजारात त्यांनी कंदांचा ढीग पाहिला, एक हातात घेऊन नखानं खरवडला. “हे तर आपलं कणगर.” नारळ, केळी, अळकुड्या, मासळीच्या टोपल्या, डोक्यावरून उडणाऱ्या साळुंक्या. प्रत्येक गोष्टीपाशी ते थांबत होते. शेवटी समुद्राच्या कठड्यावर बसून म्हणाले, “देवबागसारखंच आहे हो सगळं. मग देवबागच काय वाईट होतं?”

ते पुढं म्हणाले, “तो जायच्या आदल्या वर्षी आमचं भांडण झालं होतं. मी म्हटलं होतं, बोटीवर जातोस तर परत येऊ नकोस. बापानं रागात म्हटलेलं. हिनं ते ऐकलं होतं. म्हणून आता तरी मला त्याला घरी न्यायलाच हवं. समजतंय ना तुम्हाला?”

“समजतंय,” मी म्हटलं.

त्याच दुपारी गुरुजी जरा लवंडले असताना लेओंतीन लॉजवर आली. आम्ही खालच्या बागेत बसलो. ती म्हणाली, “मादाम, तुम्ही त्यांना एक विचाराल? त्याला आमच्याकडे ठेवतील का? पूर्व किनाऱ्यावर माझ्या लोकांचं गाव आहे. तिथं त्याला शेताचा तुकडा दिलाय, आमच्या कुळातलं नाव दिलंय. पाहुणा म्हणून नाही, आमचाच म्हणून. ते घेऊन गेले तर माझ्याकडे काही उरत नाही. कागदावर मी कुणीच नाही. इस्पितळात मला आत जाऊ दिलं नाही. बाहेर उभी होते, तुम्ही पाहिलंत.”

“विचारते,” मी म्हटलं.

मी विचारलं नाही. सकाळी कठड्यावर जे ऐकलं होतं, त्यानंतर कसं विचारायचं? संध्याकाळी तिचा लॉजवर फोन आला, तेव्हा मी सांगितलं, “ते विचार करताहेत.” ती म्हणाली, “देव तुमचं भलं करो. उद्या माझे मामा गावाहून येताहेत. आमच्याकडे अशा वेळी मामाचा शब्द मोठा असतो. ते स्वतः रीतीनं मागतील.” मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिच्या घरी गेलो. तिची माणसं भेटायला बोलावताहेत, एवढंच मी गुरुजींना सांगितलं होतं. कारखान्याजवळच्या टेकडीवर पत्र्याच्या घरांची वस्ती होती. अंगणात गुलमोहराखाली चटया अंथरलेल्या, तीस-चाळीस माणसं शांत बसलेली. जायच्या आधीच गुरुजींनी मला बजावलं होतं, “बाई, सांत्वनाचं बोलतील. त्याचं भाषांतर करायची गरज नाही. नुसती मान हलवा, मी समजेन. मला आता फार ऐकवत नाही.” हातात त्यांनी एक पिशवी घेतली होती. तीत भामाकाकींनी दिलेलं नवं पांढरं वस्त्र होतं, मुलाच्या अंगावर घालायला. ते इस्पितळात द्यायचं म्हणून त्यांनी ते बरोबरच ठेवलं होतं.

तिचे मामा, ओग्युस्त, सत्तरीच्या पुढचे होते. पांढरी दाढी, अनवाणी. ते उभे राहिले तसे सगळे उभे राहिले. त्यांच्या पुढ्यात चटईवर रंगीत कापडाची एक घडी, तंबाखू आणि चार मोठे कंद मांडले होते. तिथल्या लोकांत कुठलीही मोठी गोष्ट अशीच होते. वस्तू पुढे ठेवायच्या, शब्द बोलायचे, आणि समोरच्यानं वस्तू उचलली की त्यानं ते शब्द मान्य केले. याला ते नुसतं ‘रिवाज’ म्हणतात.

ओग्युस्त खाली बघत, सावकाश, फ्रेंचमध्ये बोलले. मधेमधे थांबत होते. मी गुरुजींकडे बघून मान हलवत होते. लेओंतीन त्यांच्या मागे उभी होती, एकटक माझ्याकडे बघत.

बोलणं संपलं. त्यांनी कापडाची घडी उचलून दोन्ही हातांवर पुढे धरली.

गुरुजींनी मला हळूच विचारलं, “काय म्हणतात?”

“दुःख व्यक्त करताहेत,” मी म्हटलं. “घ्या.”

गुरुजींनी दोन्ही हात पुढे करून ते कापड घेतलं आणि कपाळाला लावलं. मग त्यांना वाटलं, कुणाकडून नुसतंच घेऊ नये. त्यांनी पिशवीतून ते नवं पांढरं वस्त्र काढलं आणि ओग्युस्तच्या हातावर ठेवलं.

अंगणात सगळ्यांच्या तोंडून एकदमच एक खोल हुंकार निघाला. बायका रडू लागल्या. लेओंतीन पुढे आली, गुरुजींचे हात धरून तिनं त्यांवर कपाळ टेकलं. गुरुजी अवघडून तिच्या डोक्यावर थोपटत राहिले.

अर्ध्या तासानं, चहा घेत असताना, त्यांनी मला विचारलं, “आता यांना विचारा, विमानतळापर्यंत कुणी गाडी देईल का. पेटी मोठी असणार.”

तेवढ्यात एक माणूस येऊन मला सांगून गेला की गावात खड्डा खणायला सुरुवात झालीय आणि वडलांची सही झाली की उद्या सकाळीच निघता येईल.

गुरुजींनी माझा चेहरा पाहिला. “काय झालं?”

“गुरुजी, ते कापड... त्यांच्या रिवाजात ते घेतलं म्हणजे सूर्यकांतला इथंच ठेवायला तुम्ही हो म्हटलंत असं होतं. ते मागत होते. तुम्ही उलट वस्त्र दिलंत, म्हणजे तुमच्याकडूनही पक्कं झालं. मला आत्ता कळलं.”

त्यांनी कप खाली ठेवला. चटईवरच्या एका बाईनं त्यांच्याकडे बघून मान लववली, त्यांनीही लववली.

“मी नाही म्हटलं तर?”

“कायद्यानं तुम्ही वडील आहात. सही तुमचीच लागणार. लेओंतीन काही करू शकणार नाही.”

त्यांनी अंगणाकडे पाहिलं. ओग्युस्तच्या मांडीवर ते पांढरं वस्त्र होतं, त्यांनी ते उलगडलंही नव्हतं. गुरुजी माझ्याशी नेहमी शाळेतलं मराठी बोलायचे. त्या क्षणी पहिल्यांदा घरचं बोलले.

“एवढ्या माणसांदेखत मीच हात फुडे केलंय, बाय. आता ते मागे कशे घेवचे?” मग अगदी हळू, “तिका काय सांगू मी?”

मी काहीतरी बोलणार होते. त्यांनी हातानं थांबवलं. “तुमचा दोष नाही. परकी भाषा, परके रिवाज. कुठं सही करायची ते दाखवा.”

दुसऱ्या दिवशी डोंगर ओलांडून पाच तास गाडीनं त्या गावात गेलो. माती लाल होती. लोकांनी त्यांच्या भाषेत, अनेक सुरांत, हळू आवाजात गाणी म्हटली. पाद्र्यानं प्रार्थना केली. गुरुजींनी नारळ फोडून पाणी वाहिलं आणि मूठभर माती टाकली. पेटी बंद होती. मुलाला नेसवायचं वस्त्र ओग्युस्तनं पेटीवर पसरलं. तिसऱ्या दिवशी आम्ही विमानात बसलो. मुंबईला विमानतळावर उतरल्यावर गुरुजींनी मला नमस्कार केला. मीही केला. त्यांच्याकडे एकच लहान बॅग होती.

तीन वर्षांनी त्यांचं पत्र आलं. अक्षर फळ्यावर लिहितात तसं, सुटं सुटं. ‘एकदा येऊन जाल का? हिनं त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं आहे. तिला वाटतं, मी जुन्या रागानं मुलाला मुद्दाम तिथं टाकून आलो. मला ते माहीत नव्हतं, एवढं तुम्ही सांगितलंत तर ऐकेल. माझं ऐकत नाही.’

मी गेले. एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी, असं ते गाव. भामाकाकी ओट्यावर बसल्या होत्या. बारीक, ताठ बाई. मला बसायला पाट दिला, पाणी दिलं. गुरुजी दाराशी उभे राहिले.

“तुमीच त्या भाषेवाल्या?”

“हो.”

“त्येनी तोंड बघूक नाय त्याचा. नुसतो पाय बघून इले.” गुरुजींकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. “आता तुमी सांगा. ह्येंका ठावक होता काय नाय?”

“नाही, काकी. त्यांना अजिबात माहीत नव्हतं.”

“तुमका त्येंची भाषा येता मा?”

“येते.”

“मग तो म्हातारो काय मागी होतो, ता तुमका समजाक नाय?”

दाराशी गुरुजी हलले नाहीत. मी म्हटलं, “शब्द समजले होते. रिवाज समजला नाही.”

भामाकाकी पदर खोचून उठल्या.

“म्हणजे दोघांकय समजाक नाय,” त्या म्हणाल्या. “दोघांकय समजाक नाय, आणि माझो झिल थय मातयेत गेलो. बरा झाला.” त्या आत गेल्या आणि पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

गुरुजी मला एसटीच्या थांब्यापर्यंत पोचवायला आले. तीन वर्षांत त्यांचे खांदे खाली आले होते. थांब्यावर आम्ही दोघंच होतो.

“बाई,” ते म्हणाले, “मी छत्तीस वर्षं शाळेत काढली. पोरगं खोटं बोलायला लागलं की माझ्याकडे बघायच्या ऐवजी फळ्याकडे बघतं. मघाशी तुम्ही ओट्याकडे बघत होतात.” थोडं थांबून, “त्या दिवशी तुम्हाला कळलं होतं ना?”

मी हो म्हटलं.

ओग्युस्तचा शब्द न् शब्द मला कळला होता. ते म्हणाले होते, ‘हा माणूस समुद्रावरून आला आणि आमच्यात राहिला. आज तुम्ही त्याला न्यायला आलात, तो तुमचा हक्क आहे. आम्ही तो तुमच्याकडून मागतो. हे कापड घेतलंत तर त्याला आमच्या मातीत ठेवू. नाही घेतलंत तर तुमच्याबरोबर विमानतळापर्यंत येऊ आणि तुमच्यावर रुसणार नाही.’ याहून स्वच्छ फ्रेंच मी आयुष्यात क्वचितच ऐकलं असेल.

“का केलंत?” गुरुजींनी विचारलं.

मी त्यांना सांगितलं. त्याआधी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. पुण्यात माझ्या आयुष्यात एक माणूस होता, अकरा वर्षं. त्याला घर होतं, बायको होती. नूमेआला जायच्या आदल्या वर्षी तो गेला. वैकुंठ स्मशानभूमीत मी कॉलेजच्या लोकांबरोबर तिसऱ्या रांगेत उभी होते. कुणीतरी ‘आपण?’ म्हणून विचारलं, तेव्हा ‘कॉलेजातून’ म्हटलं आणि रिक्षा करून घरी आले. त्याचं माझ्याकडे काहीच राहिलं नाही. त्या अंगणात लेओंतीन माझ्याकडे बघत होती. तुम्ही ‘काय म्हणतात’ विचारलंत तेव्हा मला दिसत होतं, खरं सांगितलं तर तुम्ही नाही म्हणणार.

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. रस्त्याच्या वळणावर एसटीचा आवाज येऊ लागला होता.

“तुमचं दुःख मला कळतं,” ते म्हणाले. “पण बाई, ते माझ्या पोराकडून कशाला वसूल केलंत?”

मी रस्त्याच्या वळणाकडे पाहिलं.

“चला,” ते म्हणाले. “परत घरी चला. दहा मिनिटं लागतील. हेच, आत्ता मला सांगितलंत तसं, तिला सांगा. मला माफी वगैरे काही नको. तिनं फक्त एकदा माझ्याशी बोलावं.”

एसटी येऊन थांबली. कंडक्टरनं दार उघडून धरलं. “मालवण, मालवण. येताय का, बाई?”

गुरुजी माझ्याकडे बघत होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, हात जोडून उभा होता.

मी बसमध्ये चढले.

खिडकीतून मागे बघायचं धाडस मला झालं नाही. पुढच्या वर्षी मस्कतच्या पुतण्याचं दोन ओळींचं पत्र आलं, काका गेले म्हणून. काकी शेवटी तरी त्यांच्याशी बोलल्या का, हे मी त्याला विचारलं नाही.